आईच्या शब्दापासून तक्त्याच्या रकान्यापर्यंत: सामुदायिक आरोग्य संशोधनात मानववंशशास्त्र आणि डेटा विज्ञान कोणत्या क्रमाने जोडायचं

सर्वेक्षण उरकतं, दोन हजार ओळींचा तक्ता हातात येतो, मॉडेल चालतं, आणि अहवाल लिहायला बसल्यावर लक्षात येतं की यात माणसं कुठेच बोलत नाहीत. मग कुणीतरी दोन दिवस गावात जातं, आठ-दहा बायांशी बोलतं आणि त्यांची वाक्यं अवतरणचिन्हांत घालून आकड्यांच्या मधे मधे लावतं. याला मिश्र पद्धती, म्हणजे आकडे आणि कथनं यांची खरी सांगड, म्हणता येणार नाही, कारण मानववंशशास्त्राचं मुख्य काम यात झालेलंच नसतं. ते प्रश्नावली लिहिण्याआधी व्हायचं होतं. कोणता रकाना असावा, त्यात कोणते पर्याय असावेत आणि आईने दिलेल्या 'नाही' या उत्तराचा अर्थ काय, हे तिथे ठरतं. नंतर कितीही मुलाखती घेतल्या तरी चुकीचा रकाना बरोबर होत नाही.

पुढची पद्धत एकच उदाहरण धरून मांडली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, पाच वर्षांखालच्या मुलाला श्वासाचा आजार झाल्यावर उपचार मिळायला उशीर का होतो, हा प्रश्न. घरात कोरकू बोलली जाते, दवाखान्यात मराठी आणि हिंदी, आणि प्रश्नावली बहुतेक वेळा इंग्रजीतून उतरवलेली. हगवण, कुपोषण, क्षयरोग असा कोणताही विषय घेतला आणि जागा दुसऱ्या देशातली असली तरी टप्प्यांचा क्रम हाच राहतो.

## टप्पा १: तयारी

माणसं. एक मानववंशशास्त्राचा जाणकार, एक आकडेवारी सांभाळणारा आणि चार ते सहा क्षेत्रकार्यकर्ते. कार्यकर्त्यांपैकी निम्म्या तरी कोरकू बोलणाऱ्या स्त्रिया हव्यात. त्या त्याच भागातल्या असाव्यात, पण त्याच पाड्यातल्या नकोत. शेजारणीसमोर सासूबद्दल किंवा भूमकाकडे (गावातल्या पारंपरिक वैद्याकडे) नेल्याबद्दल कुणी मोकळेपणी बोलत नाही. आकडेवारीवाल्याने पहिला आठवडा पाड्यावर काढायचा, ही अट सुरुवातीलाच घाला. ज्याने मुलाखत ऐकलेली नाही तो पुढे 'इतर' हा पर्याय बिनदिक्कत वगळून टाकतो.

परवानग्या. नोंदणीकृत नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. आधार भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा. पैसा किंवा भागीदार परदेशी असेल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता वेगळी लागते. तिला महिने लागू शकतात, म्हणून अर्ज पहिल्या दिवसापासून मार्गी लावा. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे ग्रामसभेत काम समजावून सांगणं टाळू नका. ग्रामसभेचा होकार आईच्या संमतीची जागा मात्र घेत नाही. संमती कोरकूतून तोंडी समजावून घ्यायची, आणि आवाज ध्वनिमुद्रित करायला वेगळा होकार घ्यायचा.

हंगाम. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं मजुरीला बाहेर पडतात आणि होळीला परततात. डिसेंबरात सर्वेक्षण केलं तर मागे राहिलेल्यांचंच चित्र मिळेल. ऐकण्याचं काम मे-जूनमध्ये आणि सर्वेक्षण ऑगस्ट ते ऑक्टोबर असं बसवा. पावसात काही पाड्यांचा रस्ता तुटतो, म्हणून त्या पाड्यांसाठी चार-पाच दिवस राखीव ठेवा. हे पाडे सोडून दिले तर ज्यांना दवाखाना सगळ्यात दूर आहे तेच अभ्यासातून गळतात.

> इशारा. मुलाखतीत समोरचं मूल दूध किंवा पाणी घेऊ शकत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, आकडी आली असेल किंवा सुस्त पडलं असेल, तर मुलाखत तिथेच थांबवा. आशाताईंना बोलवा, १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत थांबा. हा नियम प्रशिक्षणाच्या पहिल्या तासात शिकवायचा आणि लेखी द्यायचा.

## टप्पा २: शब्द गोळा करणं

मुक्त यादी हे या कामाचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा चुकवलं जाणारं साधन आहे. प्रश्न एकच: "तुमच्याकडे लहान मुलांना कोणकोणते आजार होतात?" बाई थांबली की "अजून?" एवढंच विचारायचं. दुसऱ्यांदा थांबली की तिने सांगितलेले शब्द तिला वाचून दाखवायचे आणि पुन्हा "अजून?" आपण एकही आजार सुचवायचा नाही. "न्यूमोनिया होतो का?" असं एकदा जरी तोंडातून निघालं तरी ती यादी बाद.

२५ ते ३० आयांच्या याद्या घ्या. आज्यांच्या १०-१२, वडिलांच्या तितक्याच, आणि भूमका, आशा, अंगणवाडी सेविका यांच्या प्रत्येकी चार-पाच. या गटांच्या याद्या एकत्र करू नका. लागोपाठच्या पाच याद्यांत नवा शब्द आला नाही, तर त्या गटापुरतं पुरेसं झालं.

शब्द सांगितलेल्या क्रमानेच लिहायचे, कारण पुढचा हिशेब क्रमावर चालतो. एखादा शब्द लोकांच्या मनात किती वर आहे हे मोजायला स्मिथचा निर्देशांक वापरतात. यादीची लांबी उणे शब्दाचा क्रमांक, अधिक एक, आणि येईल त्याला लांबीने भागायचं. समजा पहिल्या आईच्या पाच शब्दांच्या यादीत 'डबा' (बाळाला धाप लागते त्या आजाराचं घरगुती नाव) दुसरा आहे: (५ − २ + १) ÷ ५ = ०.८. दुसरीच्या चार शब्दांत तो शेवटचा: ०.२५. तिसरीने तो सांगितलाच नाही: ०. तिघींची सरासरी ०.३५. न सांगणारीचं शून्य धरायचंच असतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं. हा हिशेब साध्या तक्त्यात होतो, आर (R) ही आकडेवारीची संगणकभाषा वापरत असाल तर तिच्या अँथ्रोटूल्स या पॅकेजमध्ये तयार आहे. निर्देशांक उतरत्या क्रमाने लावले की एका जागी कड्यासारखी घसरण दिसते. तिच्या वरचे १५ ते २५ शब्द पुढच्या टप्प्यासाठी घ्या.

सगळ्यात महाग पडणारी चूक: टेबलावर बसून समानार्थी शब्द एकत्र करणं. मराठीतलंच बघा. 'धाप लागली', 'दम लागतोय', 'पोट उडतंय', 'डबा झालाय' हे सगळे 'श्वासाचा त्रास' या एका रकान्यात टाकायचा मोह होतो. पण एखाद्या आईसाठी 'दम लागणं' खेळून आल्यावरचंही असू शकतं आणि 'डबा' झाला की झाडपाल्याकडे किंवा शेकाकडेच जायचं असं ठरलेलं असू शकतं. डॉक्टरच्या लेखी लक्षण एकच आहे, घराच्या लेखी वाटा दोन आहेत. उशीर कुठून येतो हे शोधायला निघालेला माणूस पहिल्याच दिवशी त्या दोन वाटा पुसून टाकतो. फक्त उच्चारभेद एकत्र करा (डबा, डब्बा), बाकीचा निवाडा पुढच्या टप्प्यात लोकांना करू द्या.

कोरकू शब्दांसाठी आणखी एक काळजी. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीची बोली नाही. दुभाष्याने दिलेलं मराठी रूप लिहून मूळ शब्द सोडू नका. मूळ शब्दाचा आवाज मुद्रित करा, देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहा, आणि मराठी अर्थ वेगळ्या रकान्यात ठेवा. असे तीन रकाने शेवटपर्यंत चालवायचे.

## टप्पा ३: चिठ्ठ्यांचे ढीग

निवडलेला प्रत्येक शब्द एका कार्डावर घ्या. वाचता न येणाऱ्यांसाठी साधं चित्र काढा, आणि कोणतं चित्र कशाचं हे प्रत्येकीकडून दोनदा म्हणवून घ्या. "जे आजार एकमेकांसारखे वाटतात ते एकत्र ठेवा." किती ढीग करायचे ते सांगू नका. अट एवढीच, की सगळ्यांचा एक ढीग नको आणि प्रत्येकाचा वेगळाही नको. ढीग झाले की एकेकाकडे बोट दाखवून विचारा: हे एकत्र का? यातलं काही झालं तर आधी काय करता? या 'का'ची उत्तरं ढिगांइतकीच महत्त्वाची आहेत. ती मुद्रित करा.

२५ ते ३० जणींचे ढीग पुरतात. कोणते दोन शब्द किती जणींनी एकाच ढिगात ठेवले याची चौकोनी सारणी करा आणि त्यावर गटबांधणी (वारंवार एकत्र आलेले शब्द एका गटात आणणारा हिशेब) चालवा. जे गट निघतील त्यांना नाव देताना बायांनी दिलेली कारणं समोर ठेवा. लोक लक्षणावरून गट करतात असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा गट कारणावरून पडतात (थंडी, दात येणं, नजर) किंवा इलाज कोण करतो यावरून पडतात.

> तपासणी. गट पाड्यावर परत नेऊन पाच अशा बायांना दाखवा ज्यांनी ढीग केले नव्हते. तिघींना ते पटत नसतील तर शब्दांची निवड पुन्हा तपासा.

## टप्पा ४: एकमत आहे की दोन मतं आहेत

आता ३० ते ४० छोटी विधानं तयार करा, ज्यांना हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल: "डबा झालेल्या बाळाला सुईने बरं वाटतं", "खोकल्यात बाळाला आंघोळ घालू नये", "दात येताना पातळ शी होणारच". होकाराची आणि नकाराची विधानं साधारण निम्मी निम्मी ठेवा, नाहीतर सगळ्याला 'हो' म्हणणारी बाई फार जाणकार ठरेल.

तीसेक जणींच्या उत्तरांवर सांस्कृतिक एकमताचं विश्लेषण करा. रॉमनी, वेलर आणि बॅचेल्डर यांनी १९८६ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. ती आयगेन मूल्यं काढते, म्हणजे उत्तरांतली जुळणी किती एका दिशेने जाते ते सांगणारे आकडे, आणि प्रत्येकीची उत्तरं गटाशी किती जुळतात त्याचा जाणकारीचा गुण. पहिलं आयगेन मूल्य दुसऱ्याच्या किमान तिप्पट असेल आणि कुणाचाही जाणकारीचा गुण उणे नसेल, तर गटाचं एकच सामायिक उत्तर आहे असं धरता येतं. प्रमाण तिपटीच्या खाली आलं की लोक नमुना वाढवतात. ते करण्याआधी उत्तरं आया आणि आज्या अशी वेगळी करून चालवा, मग रस्त्यालगतचे पाडे आणि आतले पाडे अशी. बऱ्याचदा एकाच घरात दोन मतं नांदत असतात, आणि दवाखान्यात न्यायचं की नाही हे आईच्या मताने ठरत नाही.

एकमत म्हणजे सत्य नव्हे, हे संघातल्या प्रत्येकाला स्पष्ट सांगा. सगळं गाव चुकीच्या समजुतीवर एकमताने ठाम असू शकतं. आपल्याला इथे गावाची समजूत मोजायची आहे. तिचा बाळाच्या प्रकृतीशी संबंध पुढे वेगळा मोजायचा आहे.

## टप्पा ५: शब्दाचा रकाना करणं

इथे दोन्ही शास्त्रं एका टेबलावर बसली पाहिजेत. निदान तीन पूर्ण दिवस द्या.

आजाराचा प्रश्न. "गेल्या दोन आठवड्यांत बाळाला न्यूमोनिया झाला होता का?" हा प्रश्न बाद करा. त्याऐवजी आधी मोकळा प्रश्न: "बाळाला काय झालं होतं?" उत्तर तिच्याच शब्दांत. मग टप्पा २ मधल्या शब्दांची यादी एकेक वाचून हो/नाही. मग लक्षणं: श्वास नेहमीपेक्षा जोरात चालत होता का, बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती का. तिन्ही वेगळे रकाने. यातला कोणता आजार 'खरा' हे फॉर्ममध्ये ठरवायचं नाही.

दोन आठवडे म्हणजे किती? तारखेने विचारू नका, आठवडी बाजाराने विचारा. मुलाखतीच्या दिवसापासून मागे मोजलेला दुसरा बाजार, बाजारवार कोणता त्यानुसार, सात ते चौदा दिवसांपूर्वीचा असतो. म्हणून कार्यकर्त्याने गावाचा बाजारवार आधी फॉर्मवर भरायचा.

वय. हा रकाना सगळ्यांना सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त घात करतो. जोरात श्वासाची मर्यादा वयावर ठरते:

- दोन महिन्यांखाली: मिनिटाला ६० किंवा जास्त
- २ ते ११ महिने: ५० किंवा जास्त
- १२ ते ५९ महिने: ४० किंवा जास्त

मिनिटाला ४४ श्वास घेणारं अकरा महिन्यांचं मूल मर्यादेच्या आत आहे, बारा महिन्यांचं असतं तर बाहेर गेलं असतं. आणि आई म्हणते, "वर्षाचं आहे." म्हणून वय विचारायचं नाही, जन्मतारीख काढायची. माता-बाल संरक्षण कार्ड बघा, नसेल तर होळी, पोळा, दिवाळी यांच्या मागे-पुढे जन्म ठरवा, आणि तारीख कशावरून मिळाली (कार्ड, सण, अंदाज) त्याचा वेगळा रकाना ठेवा. विश्लेषणात फक्त कार्डवाल्या मुलांवर निकाल बदलतो का ते पाहता येतं.

उपचाराची वाट. "पहिला उपचार कुठे घेतला?" हा एकच रकाना ठेवला की अभ्यासाचा मुख्य प्रश्नच मेला. पुन्हा पुन्हा उघडणारा भाग करा. प्रत्येक पावलासाठी एक ओळ: पाऊल क्रमांक, कुणाकडे (घरी, भूमका, आशा, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, खासगी), आधीच्या पावलानंतर किती वेळाने, काय दिलं किंवा केलं, खर्च, निर्णय कुणाचा. आणि एक रकाना, ज्याशिवाय हे सगळं फसवं ठरतं: आधीचा इलाज थांबवला की सोबत चालू ठेवला? भूमकाकडून अंगारा घेऊन त्याच संध्याकाळी आशाताईंकडून औषध घेणारी आई 'पारंपरिक' गटातही नाही आणि 'आधुनिक' गटातही नाही. एकच पर्याय निवडायला लावणारा फॉर्म तिला कुठेतरी खोटं बसवतो.

पोटावर डाग देण्याबद्दल, म्हणजे डम्म्याबद्दल, थेट प्रश्न ठेवायचा असेल तर तो शेवटी, एकांतात आणि दोष न देता. "काही घरांत बाळाला डाग देतात. तुमच्याकडे दिला होता का?" फॉर्मवरचं उत्तर कुठल्याही खात्याला नावानिशी जाणार नाही हे आधी सांगा आणि ते पाळता येईल अशीच व्यवस्था करा.

रिकाम्या जागांचे चार सांकेतांक. माहीत नाही, सांगायचं नाही, लागू नाही, घराला कुलूप. हे चार वेगळे. कुलूप आणि नकार एकत्र केलेत तर स्थलांतर आणि अविश्वास यांच्यातला फरक कायमचा गेला.

> तपासणी. फॉर्म मराठीतून कोरकूत नेल्यावर दुसऱ्या माणसाकडून तो पुन्हा मराठीत सांगवून घ्या. मूळ आणि परत आलेलं रूप ओळीला ओळ लावून पाहा. जिथे अर्थ सरकला तो प्रश्न नव्याने लिहा. शब्दाला शब्द जुळवण्याची गरज नाही.

## टप्पा ६: नमुना

पाड्यांतून घरं घेणार असाल तर साधं सूत्र चालत नाही. एका पाड्यातली घरं एकमेकांसारखी असतात, त्याची भरपाई करावी लागते. मोजायचं प्रमाण ५० टक्के आणि ५ टक्के चुकीची मुभा धरली तर ३८५ आजारी मुलं लागतात. पाड्यांच्या एका गटात १० आजारी मुलं आणि त्या गटातल्या घरांचं आपसातलं साम्य ०.०५ धरलं तर भरपाईचा गुणक १ + (१० − १) × ०.०५ = १.४५. म्हणजे ५५९. दहा टक्के गळती धरून ६२२.

आता खरा आकडा. प्रश्न 'गेल्या दोन आठवड्यांत आजारी' मुलांचा आहे. चाचणी फेरीत आठातलं एक मूल तसं निघालं असं समजा, तर ६२२ मिळवायला ४,९७६ मुलांच्या घरी जावं लागेल. हा गुणाकार बऱ्याच संशोधन प्रस्तावांत नसतो आणि मग तिसऱ्या आठवड्यात मुलाखती घाईने उरकल्या जातात. मुभा ७ टक्के केली तर त्याच हिशेबाने ३१७ आजारी मुलं, म्हणजे सुमारे २,५३६ घरभेटीतली मुलं. माणसं कमी असतील तर हे पत्करा. चांगल्या ३१७ नोंदी वाईट ६२२ पेक्षा उपयोगाच्या.

## टप्पा ७: गोळा करताना रोजची तपासणी

मोबाइलवर फॉर्म भरायला कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके, दोन्ही इंटरनेटशिवाय चालतात. साधन कुठलंही घ्या, पण रोज संध्याकाळी पुढच्या गोष्टी पाहिल्याशिवाय दुसऱ्या दिवशी कुणी बाहेर पडायचं नाही.

श्वास पूर्ण ६० सेकंद मोजला की नाही, हे आकडेच सांगतात. पूर्ण मिनिट मोजलं तर सम आणि विषम आकडे साधारण निम्मे निम्मे येतात. एखाद्या कार्यकर्त्याच्या नोंदींत पाचातले चार आकडे सम असतील, तर तो अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतोय. शेवटी शून्य येणारे आकडे दहातल्या एकापेक्षा फार जास्त असतील, तर तो अंदाज लिहितोय. रागावू नका. बहुतेक वेळा मूल रडत असतं आणि मिनिटभर थांबायला कुणी शिकवलेलं नसतं. मूल शांत झाल्यावर, शक्यतो आईच्या मांडीवर, झगा वर करून मोजायचं.

वयाचे महिने ६, १२, २४, ३६ वर गोळा होतायत का ते पाहा. मुलाखतीला लागलेला वेळ पाहा. उपचाराच्या वाटेतली पावलं प्रत्येक कार्यकर्त्यागणिक सरासरी किती येतात ते पाहा. एकाच्या सगळ्या नोंदींत एकच पाऊल असेल, तर तो पुढचा भाग उघडायचं टाळतोय.

आणि क्षेत्रवही. प्रत्येक कार्यकर्त्याने रोज पानभर लिहायचं: कोण मधे बोललं, कोणता प्रश्न आल्यावर बाई गप्प झाली, घरी कोण होतं. पानावर फॉर्मचाच क्रमांक घाला. कथन आणि ओळ यांना जोडणारा हा क्रमांक हरवला, तर पुढचे टप्पे करताच येत नाहीत. नाव-पत्त्याची यादी मात्र वेगळ्या, कुलूपबंद जागी. बारा घरांच्या पाड्यात एक बालमृत्यू नोंदला असेल, तर नाव काढूनही ते घर ओळखू येतं. अशा पाड्याचा आकडा शेजारच्या पाड्यात मिळवूनच बाहेर द्यायचा.

## टप्पा ८: देवनागरी मजकुराची सफाई आणि सांकेतन

तक्ता यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सांभाळणारी साठवण्याची पद्धत) मध्येच साठवा. एक्सेलमध्ये थेट उघडलेल्या साध्या फाइलमध्ये देवनागरीचा चुरा होतो आणि तशीच जतन केली तर परत येत नाही, म्हणून फाइल 'आयात' करूनच उघडा. मग:

1. सगळ्या मजकुराला युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण लावा, म्हणजे एकच अक्षर दोन तऱ्हांनी साठवलेलं असेल तर ते एकसारखं करा. 'ऱ' दोन तऱ्हांनी टंकलेला असतो, एक अक्षर म्हणून किंवा 'र' खाली नुक्ता देऊन. एनएफसीने ते एक होतात.
2. 'ऱ्या' मधला अर्धा र काही कळफलक हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून उमटवतात. हे एनएफसीने सुटत नाही, हाताने नियम लिहावा लागतो. 'अॅ' आणि 'ॲ' चंही तेच.
3. मराठी आणि इंग्रजी अंक एका लिपीत आणा. नाहीतर '१२' हा मजकूर समजला जाऊन सरासरीतून गळतो.

मूळ रकान्याला हात लावू नका, सफाईचा नवा रकाना करा.

कथनांसाठी कोडबुक (वाक्यांना द्यायच्या खुणांची, म्हणजे कोडची, यादी) बनवताना प्रत्येक कोडला व्याख्या, काय येतं, काय येत नाही आणि एक नमुना वाक्य द्या. दोघांनी एकमेकांचं न बघता २० टक्के कथनं कोड करायची. दोघांची जुळणी 'कप्पा' (kappa) या सांख्यिकी मापाने मोजा आणि प्रत्येक कोडचा वेगळा कप्पा पाहा. एकत्रित आकडा चांगला दिसतो आणि नेमका 'निर्णय सासऱ्याचा' हा कोड कच्चा असतो. ०.७ च्या खाली आलं तर व्याख्या दुरुस्त करून पुन्हा.

यंत्राकडून कोडिंग करून घ्यायचं असेल तर तीन गोष्टी. साठ-सत्तर मुलाखतींवर आपोआप विषय शोधणारी मॉडेलं चालवू नका, जे निघतं ते योगायोगाचं असतं. मराठीसाठी तयार झालेलं, आवाजाचा मजकूर करणारं साधन कोरकू आवाजाला लावू नका. आणि शिकवणीचा व परीक्षेचा संच पाड्यांप्रमाणे वेगळा करा. ओळी सरमिसळ वाटल्या तर एकाच पाड्यातली, एकाच कार्यकर्त्याने लिहिलेली वाक्यं दोन्हीकडे जातात आणि अचूकता खोटी वाढते.

## टप्पा ९: विश्लेषण

आधी शब्दाची परीक्षा. भेटीच्या वेळी खोकला असलेल्या मुलांचा श्वास मोजलेला आहे आणि आईचा शब्दही आहे. समजा अशी ४० मुलं, त्यातल्या १६ जणांचा श्वास जोरात. त्या १६ पैकी १२ आयांनी 'पोट उडतंय' म्हटलं, उरलेल्या २४ पैकी ६ आयांनीही म्हटलं. म्हणजे हा शब्द खऱ्या चारातले तीन पकडतो, आणि ज्यांना तो त्रास नाही अशा चारातल्या एकाला उगाच धरतो. आशाताईंच्या प्रशिक्षणात कोणता शब्द धोक्याची खूण म्हणून शिकवायचा, हे अशा तक्त्याने ठरवता येतं.

मग उशीर. सरासरी दिवस काढू नका. जी मुलं मुलाखतीपर्यंत कुठेच पोचली नाहीत त्यांचा उशीर अजून संपलेलाच नाही. त्यांना वगळलं की उशीर कमी दिसतो. यासाठी घटनेपर्यंतच्या काळाचं विश्लेषण वापरा, ज्यात ती मुलं 'अजून नाही' म्हणून धरली जातात. पाड्याचा परिणाम वेगळा ठेवा. अंतर, पाऊस, खर्च यांच्यासोबत टप्पा ३ मधला आजाराचा गट आणि टप्पा ४ मधलं आई-आजी मतांतर, हे दोन्ही चल मॉडेलमध्ये घाला. ते नसतील तर आधीची मेहनत वाया गेली. आणि 'भूमकाकडे गेल्यामुळे उशीर झाला' असं लिहिण्याआधी उलट शक्यता तपासा: रस्ता बंद होता, गाडी नव्हती, म्हणून भूमकाकडे गेले. पावलांच्या ओळी आणि क्षेत्रवही एकत्र वाचल्या की यातलं काय झालं ते बहुतेक वेळा कळतं.

## टप्पा १०: आकडे घेऊन परत पाड्यावर

मॉडेलने जिथे सर्वांत मोठी चूक केली ती घरं निवडा. अंदाजापेक्षा फार उशीर झालेली पाच, अंदाजापेक्षा फार लवकर पोचलेली पाच, अंदाज बरोबर निघालेली पाच. मुलाखत घेणाऱ्याला कोणतं घर कुठल्या गटातलं ते सांगू नका. त्या आजाराची हकीकत सुरुवातीपासून पुन्हा ऐका. लवकर पोचलेली घरं लोक सोडून देतात, पण मामाची मोटारसायकल, आशाताईंचं शेजारी घर, आधीच्या बाळंतपणात जुळलेली नर्सची ओळख अशा फॉर्ममध्ये नसलेल्या गोष्टी तिथे सापडतात. जे नवीन कारण तीन-चार घरांत दिसेल त्याचा रकाना पुढच्या फेरीच्या फॉर्ममध्ये वाढवा.

शेवटी ग्रामसभा, आणि ती अहवाल छापण्याआधी. तक्ते भिंतीवर लावू नका. जमिनीवर रेघा आखून ज्वारीचे दाणे मांडा: दहा दाणे म्हणजे दहा आजारी मुलं, त्यातली इतकी पहिल्या दिवशी पोचली, इतकी तिसऱ्या. एका घराकडे बोट जाईल असा आकडा मांडू नका. "हे असंच घडतं का?" असं विचारून थांबा. आलेली प्रत्येक हरकत क्षेत्रवहीत लिहा, आणि मसुद्यातलं कोणतं वाक्य तिच्यामुळे बदललं त्याची नोंद तिच्यासमोर करा.